ला मोता : विटांचा किल्ला वाचायचा कसा

आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. ती एका सत्रासाठी स्पेनमधल्या वायादोलिदला चालली आहे आणि तिथून जवळच असलेला मेदिना देल काम्पो गावचा ‘ला मोता’ हा किल्ला तिला एका दिवसात पाहायचा आहे. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. एवढा मोठा राजकिल्ला दगड सोडून विटांचा का बांधला? इसाबेल राणी याच किल्ल्यात वारली हे खरं का? आणि आज जे उभं आहे त्यात जुनं किती, नवं किती?

मी गेली पंचवीस वर्षं जुन्या बांधकामांच्या डागडुजीचं काम करतो, त्यातही चुन्यातलं वीटकाम हा माझा खास विषय. ला मोता मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा घाईत मनोरा चढून उतरलो आणि फोटो काढून परत आलो. दुसऱ्यांदा तीन दिवस गावात राहिलो, सकाळ-संध्याकाळ नुसता खंदकाच्या काठाने फिरलो, आणि तेव्हा तो किल्ला मला कळायला लागला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते छोटं आहे. इसाबेल, म्हणजे स्पेनमधल्या कॅस्टील या जुन्या राज्याची राणी, या किल्ल्यात वारली नाही. २६ नोव्हेंबर १५०४ रोजी ती गेली ती मेदिनातच, पण गावातल्या मोठ्या चौकाला लागून असलेल्या राजवाड्यात. १२ ऑक्टोबरला तिने मृत्युपत्रावर सही केली, २३ नोव्हेंबरला त्याला पुरवणी जोडली आणि पुढे तीनच दिवसांत प्राण सोडला. तो वाडा दिसायला अगदी साधा आहे आणि किल्ला मात्र दोन-चार कोसांवरूनही डोळ्यांत भरतो. त्यामुळे लोक तिचा मृत्यू नकळत टेकडीवर नेऊन ठेवतात. किल्ल्याशी तिचा संबंध फार मोठा आहे, पण तो वेगळाच. तो पुढे येईलच.

आता जागा बघ. ‘मोता’ म्हणजे उंचवटा, टेकाड. ‘मेदिना’ हा शब्द अरबीतला, अर्थ नगर. वायादोलिदकडून गाडी येते तेव्हा दोन्ही बाजूंना नुसतं सपाट रान असतं, गहू, बार्ली, मधूनच पाइनची झाडं. त्या सपाटीत रेल्वेरुळांच्या पलीकडे लालसर रंगाचा एक ठोकळा उभा दिसतो. टेकाड फारसं उंच नाही. आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला तर त्याला टेकडी म्हणायलाही जड जाईल. पण या मैदानात तेवढी उंचीसुद्धा पुरेशी होती, म्हणूनच लोहयुगापासून तिथे वस्तीच्या खुणा सापडतात. मूळ गाव या उंचवट्यावरच होतं. पुढे ते सापार्दिएल नदीच्या पलीकडे पसरत गेलं, बाजार तिकडे गेला, चौक तिकडे झाला, आणि उंचवट्यावर उरला तो किल्ला.

बाजाराचं महत्त्व लक्षात घेतल्याशिवाय किल्ल्याचं महत्त्व कळत नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हे गाव फेर्नांदो दे आंतेकेरा या राजपुत्राकडे होतं. तो पुढे अ‍ॅरागॉनचा राजा झाला. त्याच्या काळात मेदिनाच्या जत्रा उभ्या राहिल्या आणि बघता बघता युरोपभर नावाजल्या. कॅस्टीलची लोकर इथे विकली जायची, फ्लँडर्सचं कापड यायचं, जिनोआ-फ्लॉरेन्सचे सराफ बसायचे. मालापेक्षाही इथे हुंड्यांचा व्यवहार मोठा होता. एका शहरात घेतलेलं कर्ज मेदिनाच्या जत्रेत फेडायचं, असे करार होत. म्हणजे हा किल्ला कुठल्याशा सरहद्दीवरचं ठाणं नव्हता. तो राज्याच्या तिजोरीवर लक्ष ठेवणारा किल्ला होता. ज्याच्या हाती ला मोता, त्याच्या हाती जत्रेच्या नाड्या.

विटा का?

सोपं कारण असं, की त्या मैदानात बांधकामाचा चांगला दगड नाही. चिकणमाती मुबलक आहे, चुना मिळतो, जळण मिळतं. आपल्याकडे काळा पाषाण पायाखालीच असतो, खंदक खोदला की त्याच दगडाचा तट उभा राहतो. तिथे खंदक खोदला की माती निघते. कित्येक कोसांवरून दगड गाड्यांत घालून आणायचा तर पैसा आणि वर्षं दोन्ही वाया. ला मोतात दगड वापरलाय तो फक्त जिथे त्याच्याशिवाय भागत नाही तिथे, म्हणजे बंदुकांच्या जंग्यांची (भिंतीतून मारा करायच्या भोकांची) तोंडं, राजचिन्हं, काही चौकटी.

पण एवढंच कारण असतं तर विटांचं काम नाइलाजाचं दिसलं असतं, आणि ते तसं मुळीच दिसत नाही. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वीटकाम करणारे मुदेहार गवंडी होते. मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राज्यात राहिलेले मुसलमान. त्यांची कारागिरी पूर्ण पिकलेली होती. ला मोताच्या कागदपत्रांत अब्दल्ला आणि अली दे लेर्मा या दोन उस्तादांची नावं येतात, आलोन्सो निएतो हा बांधकामाचा मुख्य देखरेख करणारा. त्याआधी हुआन दुसरा या राजाच्या काळातल्या कामावर फेर्नांदो कार्रेन्यो होता. मध्ययुगीन इमारतींवर राबलेल्या हातांची नावं फार क्वचित उरतात. म्हणून ही नावं मी मुद्दाम सांगतो. ज्या राणीने १५०२ मध्ये कॅस्टीलमधल्या मुसलमानांना बाप्तिस्मा घ्या नाही तर देश सोडा असं फर्मावलं, तिच्याच सर्वांत आधुनिक किल्ल्याची भिंत वीस वर्षांपूर्वी अब्दल्ला आणि अली रचत होते. ती भिंत पाहताना मला ही गोष्ट विसरता येत नाही.

भिंतीच्या अगदी जवळ जा. वीट साधारण एक कॅस्टिलियन फूट लांब, म्हणजे २८ सेंटीमीटरच्या आसपास, रुंदीला त्याच्या अर्धी, आणि जाडीला आपल्या आजच्या विटेपेक्षा बरीच पातळ. दोन थरांमधली चुन्याची दर्ज मात्र चांगली जाडजूड आहे, काही ठिकाणी विटेच्या जाडीला टेकणारी. आजच्या इंजिनिअरला हे चुकीचं वाटेल, दर्जा बारीक असाव्यात असं आपण शिकतो. पण चुना सिमेंटसारखा एका रात्रीत दगड होत नाही. तो सावकाश घट्ट होतो, त्या काळात भिंत थोडी बसते, थोडी सरकते, आणि जाड दर्जा ती हालचाल पोटात घेतात. आतला गाभा पूर्ण विटांचा नसतो. तिथे चुना, गोटे आणि विटांचे तुकडे यांची भर असते, आणि बाहेरचं वीटकाम त्या भरीचा साचा आणि कवच अशा दोन्ही कामांना येतं.

तटभर आणि मनोराभर चौकोनी भोकांच्या ओळी दिसतील, एका पातळीत, ठरावीक अंतरावर. बरेच प्रवासी त्यांना गोळ्यांच्या खुणा समजतात. ती परांचीची भोकं आहेत. गवंडी भिंत जितकी वर नेत, तितकी परांचीची लाकडं भिंतीतच खोचत जात आणि काम झाल्यावर ती काढून घेत. म्हणजे प्रत्येक ओळ ही एक परांची. दोन ओळींतलं अंतर मोज, माणूस एका मजल्यावर उभा राहून किती उंच हात पोहोचवत होता ते कळतं. भोकांच्या ओळी जिथे तुटतात किंवा पातळी बदलते, तिथे काम थांबून पुन्हा सुरू झालेलं असतं, किंवा टोळी बदललेली असते. आज तिथे कबुतरं राहतात.

कवचावर कवच

ला मोता एका दमात बांधलेला नाही. सर्वांत जुना भाग आहे तो गावच्या मूळ तटाचा, बाराव्या शतकाच्या आसपासचा. किल्ला त्या तटाच्या कडेला, त्याचाच एक तुकडा पोटात घेऊन वाढला. हा तुकडा ओळखायला सोपा आहे, कारण तो चुना-गोट्यांच्या भरीचा, खडबडीत आहे आणि त्याच्या शेजारचं वीटकाम एकदम नीटस. आतल्या कोटात फिरताना भिंतीचा पोत बदलला की थांब. तिथेच गाव संपतं आणि किल्ला सुरू होतो.

आतला कोट साधारण समलंबी आकाराचा, कोपऱ्यांना बुरूज, मध्ये चौक. आणि एका कोपऱ्यात सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला मुख्य मनोरा, जवळजवळ ४० मीटर उंच. स्पॅनिशमध्ये अशा मनोऱ्याला ‘तोर्रे देल ओमेनाहे’ म्हणतात, म्हणजे निष्ठेची शपथ घेण्याचा मनोरा. किल्लेदार राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ इथे घेई. त्याच्या माथ्यावर प्रत्येक कोपऱ्याला बाहेर झुकलेल्या लहान बुरुज्यांची जोडी आहे, आणि मधल्या भागात खाली मारा करण्यासाठी पुढे काढलेला सज्जा. आत लदावाची, म्हणजे कमानदार छताची दालनं आहेत, एकावर एक.

हा मनोरा एन्रिके चौथा या राजाच्या काळातला, १४६० च्या दशकातला. त्या राजाची अवस्था फार वाईट होती. सरदार जुमानत नव्हते, सावत्र भाऊ समोर राजा म्हणून उभा केला जात होता. अशा वेळी उंच मनोरा बांधणं म्हणजे लांबून सगळ्यांना दिसेल असं सांगणं, की राजा अजून इथे आहे. दुर्दैव असं, की १४६४ मध्ये त्याने हा किल्ला तोलेदोचा आर्चबिशप कार्रियो याच्या ताब्यात दिला आणि तोच थोड्याच दिवसांत बंडखोरांना जाऊन मिळाला. पुढची दहा वर्षं किल्ला एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. सेव्हिलचा आर्चबिशप फोन्सेका याच्या घराण्याकडे तो असताना १४७३ मध्ये तर गावकऱ्यांनीच त्याला वेढा घातला. जत्रेवर जगणाऱ्या गावाच्या डोक्यावर परक्या सरदाराचा तोफखाना बसलेला त्यांना नको होता. मधे आल्बाचा ड्यूक पडला, आणि अखेर १४७५ मध्ये किल्ला इसाबेल आणि तिचा नवरा फेर्नांदो यांच्या हाती आला.

आणि इथून पुढे जे घडलं त्यासाठी मी हा किल्ला स्पेनमधल्या पहिल्या चार-पाचांत धरतो.

या दोघांनी उंच मनोरा आणखी उंच केला नाही. त्यांनी सगळ्या किल्ल्याभोवती नवा, बुटका, जाडजूड परकोट घातला. १४८३ च्या सुमारास तो पुरा झाला. दुरून पाहिलंस तर तो जवळजवळ दिसतच नाही, कारण त्याचा मोठा भाग खंदकात बुडालेला आहे. तोफेच्या गोळ्यासमोर उंच भिंत म्हणजे मोठं निशाण, हे त्यांना आधीच्या दहा वर्षांत याच किल्ल्यावर शिकायला मिळालं होतं. म्हणून भिंत जमिनीत घातली. शत्रूला मैदानावरून तिचा फक्त माथा दिसतो. तिच्या पायाला बाहेरच्या बाजूने तिरकस उतार आहे, गोळा लागला तर निसटून जावा म्हणून. बुरूज गोल आहेत, कारण सरळ कोपरा गोळ्याने पटकन ढासळतो. विटेचाही इथे उपयोग झाला. कठीण दगडावर गोळा बसला की चिरा तडकतो आणि धक्का दूरवर जातो. चुन्यातली वीट तेवढ्याच जागी चुरगळते. गोळ्यापुरता खड्डा पडतो, बाकी भिंत उभी राहते, आणि त्याच रात्री विटा-चुन्याने तो बुजवताही येतो.

सर्वांत भारी गोष्ट दिसत नाही, कारण ती भिंतीच्या पोटात आहे. परकोटाच्या जाडीतून लदावाचे बोगदे गेले आहेत, एकाखाली एक अशा दोन पातळ्यांवर. प्रवेश मिळत असेल तर हे अजिबात चुकवू नकोस. मी आत उतरलो तेव्हा बाहेर ऑगस्टचं ऊन होतं आणि आत स्वेटर हवासा वाटेल असा गारवा. माणूस ताठ उभा राहून चालू शकतो, दोन माणसं मात्र अंग चोरून एकमेकांना वाट देतात. काही पावलांवर भिंतीत कोनाडा येतो, त्याच्या टोकाला जंगी. आतून कोनाडा रुंद, बाहेर जाताना निमुळता होत गेलेला. तिथे गुडघ्यावर बसलो. समोर दगडात कोरलेलं भोक होतं, खाली गोल आणि त्याच्या डोक्यावर क्रॉस. गोलातून बंदुकीचं किंवा लहान तोफेचं तोंड, क्रॉसच्या फटीतून नेम. त्या फटीतून मला दिसला तो खंदकाचा तळ आणि शेजारच्या बुरुजाचा कुशीचा भाग. मैदान नाही, आकाश नाही. म्हणजे ही जंगी दूरच्या शत्रूसाठी नव्हतीच. खंदकात उतरलेल्या माणसाला आडव्या माऱ्याने टिपण्यासाठी होती. शेजारच्या बुरुजातली जंगी माझ्या भिंतीचा पाया राखत होती आणि माझी तिचा. दारूच्या धुराने आतली माणसं गुदमरू नयेत म्हणून लदावाला वर धुरांडी सोडलेली आहेत. १४८० च्या आसपास कुणीतरी एवढा बारीक विचार करून बसलं होतं.

तुलनेसाठी दोन ठिकाणं लक्षात ठेव. एक, जवळचाच कोका किल्ला, फोन्सेका घराण्याचा. तोही विटांचा, मुदेहार कारागिरांचाच, आणि दिसायला ला मोताहून कितीतरी सुंदर. विटांची नक्षी, खोल खाचांच्या बुरुज्या, रंगवलेली दालनं. तो सरदाराचा किल्ला आहे, त्याला मिरवायचंही होतं. ला मोताचा परकोट राजाच्या तोफखान्याच्या लोकांनी बांधलेला, त्यात नक्षीला जागाच नाही. दुसरं ठिकाण साल्स, आज फ्रान्समध्ये आहे, १४९७ मध्ये याच राजांनी बांधायला घेतलेलं. तिथे मनोरा, आतला कोट वगैरे मागे पडतं आणि अख्खा किल्लाच जमिनीत बसतो. ला मोतात जे बाहेरचं कवच होतं तेच साल्समध्ये सगळं शरीर झालं. आपल्याकडे असं काही पाहायचं असेल तर परांड्याला जा. तिथलं कारण आणि काळाचं गणित वेगळं आहे, पण खंदक, दुहेरी तट आणि तोफेला धरून केलेली रचना या गोष्टी भुईकोटाच्या भाषेत तिथे नीट वाचता येतात. तिथे एक दिवस घालवून ला मोताला गेलीस तर निम्मं काम झालं असं समज.

दरवाजा, आणि दरवाजावरची माणसं

खंदकावरच्या पुलावरून आत जाताना परकोटाच्या दरवाज्यावर राजचिन्ह आहे, सोबत जू आणि बाणांची मोळी. जू म्हणजे ‘युगो’, त्यातलं पहिलं अक्षर इसाबेलच्या नावाच्या जुन्या स्पेलिंगमधलं (Ysabel). बाण म्हणजे ‘फ्लेचास’, त्यातलं फेर्नांदोचं. नवरा-बायकोनी एकमेकांची आद्याक्षरं चिन्ह म्हणून धरली होती. ही खूण लक्षात ठेव, ती या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

याच दरवाज्यात नोव्हेंबर १५०३ मध्ये त्यांची मुलगी हुआना अडवली गेली. तिला फ्लँडर्सला नवऱ्याकडे जायचं होतं. आईची तब्येत ढासळत होती, फ्रान्सशी लढाई चालू होती, आणि हुआनाला जाऊ देऊ नका असा हुकूम होता. कोर्दोबाच्या बिशपने पूल उचलायला लावला. ती परत खोलीत गेलीच नाही. थंडीत, उघड्यावर, दरवाज्यापाशीच बसून राहिली, बदलायला कपडे आणले तेही घेतले नाहीत. शेवटी आजारी इसाबेल सेगोव्हियाहून स्वतः आली. हुआनाला ‘वेडी’ म्हणण्याची सुरुवात बरेच लोक याच रात्रीपासून धरतात. मी त्या पुलावर उभा राहिलो तेव्हा मला त्यात वेड दिसलं नाही. चोवीस वर्षांच्या बाईला तिच्या घरी जाऊ देत नव्हते, एवढंच दिसलं.

पुढे ला मोता राजकैद्यांचा तुरुंग झाला. सर्वांत गाजलेला कैदी चेझारे बोर्जा, पोपचा मुलगा. नेपल्समध्ये पकडून त्याला आधी चिंचियाच्या किल्ल्यात आणि मग इथे आणलं. २५ ऑक्टोबर १५०६ च्या रात्री तो दोरावरून उतरून पळाला. दोर खालपर्यंत पुरला नाही, तो पडला, जबर जखमी झाला, तरी नव्हाराला पोहोचला आणि पुढच्याच मार्चमध्ये व्हियानाच्या वेढ्यात मारला गेला. गाइड मनोऱ्याची खिडकी दाखवतात. मला मात्र खंदकाच्या काठावरून वर पाहताना एवढंच वाटलं, की पडून जगला हेच नवल.

त्याच्यापेक्षा मला एर्नांदो पिसार्रोची कैद जास्त विचार करायला लावते. पेरू जिंकणाऱ्या पिसार्रो भावांपैकी हा. सुमारे वीस वर्षं, १५६१ पर्यंत, तो इथे होता. १५५२ मध्ये त्याने स्वतःच्या पुतणीशी, फ्रान्सिस्काशी लग्न केलं. फ्रान्सिस्को पिसार्रो आणि इन्का राजघराण्यातली एक स्त्री यांची ही मुलगी, वय अठराच्या आसपास, नवरा पन्नाशीचा. ती येऊन किल्ल्यातच राहिली. या खोल्यांत बसून दोघांनी पेरूतल्या खाणी आणि जमिनींचे कज्जे लढवले. इन्का रक्ताची एक मुलगी कॅस्टीलच्या मैदानातल्या विटांच्या किल्ल्यात संसार करत होती, हे चौकात उभं राहून मनाशी आणून बघ.

आणखी एक तारीख सांगतो, २१ ऑगस्ट १५२०. राजाविरुद्ध कॅस्टीलच्या शहरांचं बंड पेटलं होतं. राजाचा सेनापती आंतोनियो दे फोन्सेका मेदिनातला तोफखाना न्यायला आला. त्या तोफा सेगोव्हिया शहरावर डागल्या जाणार होत्या. मेदिनाच्या लोकांनी तोफा दिल्या नाहीत. गावात आग लागली आणि जत्रेचं ते श्रीमंत गाव, व्यापाऱ्यांच्या वखारींसकट, मोठ्या प्रमाणात जळालं. तोफा तरीही मिळाल्या नाहीत. या बातमीने वायादोलिदसारखी शहरंही बंडात उतरली.

जुनं किती, नवं किती

सोळाव्या शतकाच्या अखेरीला जत्रा बसल्या, राज्याची कागदपत्रं त्याआधीच सिमांकासच्या किल्ल्यात हलवली गेली होती, कैदी संपले. मग जे सगळीकडे होतं तेच झालं. रिकाम्या किल्ल्याच्या विटा गावातल्या घरांना लागल्या. १९०४ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला तेव्हा मनोरा आणि तटाचा मोठा भाग उभा होता, आतल्या चौकाभोवतालच्या इमारती मात्र भग्न होत्या.

यादवी युद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीने किल्ला सत्ताधारी पक्षाच्या महिला शाखेला दिला. मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी झाली आणि १९४२ मध्ये तिथे त्या संघटनेच्या पुढारी बायकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. जागेची निवड सहज झाली नव्हती. इसाबेलचं जू आणि बाण त्या पक्षाने आधीच आपली निशाणी करून घेतली होती. दरवाज्यावरचं पंधराव्या शतकातलं चिन्ह आणि विसाव्या शतकातल्या हुकूमशाहीचं चिन्ह दिसायला एकच, त्यामुळे आजही काही स्पॅनिश माणसं त्या दरवाज्याखालून जाताना अवघडतात. त्यांच्याशी बोललीस तर हे लक्षात असू दे.

म्हणून माझी ढोबळ वाटणी अशी. परकोट, बोगदे, मनोऱ्याचा गाभा, जुन्या तटाचा तुकडा, हे मूळ, जागोजागी डागडुजी केलेलं. चौक, त्याभोवतीची दालनं, जिने, बरीचशी छपरं, आतली सजावट, हे बहुतांश विसाव्या शतकातलं. चौकात उभं राहून ‘मध्ययुगीन राजवाडा’ म्हणून फोटो काढशील तर तो मुख्यतः १९४० च्या दशकाचा असेल. त्यात कमीपणा नाही, फक्त ते आपल्याला माहीत असावं. आज किल्ला प्रादेशिक सरकारकडे आहे, तिथे अभ्यासवर्ग आणि परिषदा भरतात, म्हणजे छपराखालचा भाग वापरात आहे. वापरातली इमारत जगते.

नवी वीट ओळखायची कशी? रंगावर जाऊ नकोस, ऐंशी वर्षांत रंग मिसळून जातो. कडा बघ. हाताने थापलेल्या जुन्या विटेच्या कडा वाकड्या असतात, एका रांगेत दोन विटा सारख्या मापाच्या नसतात. नंतरच्या कामात थर फार सरळ येतात आणि दर्जा एकसारख्या. मग दर्जेवरून बोट फिरव. जुन्या चुन्यात पांढरे बारीक गोळे दिसतात, न विरघळलेल्या चुन्याचे. सिमेंटची दर्ज करडी आणि गुळगुळीत लागते, आणि तिच्याभोवतीची वीट आत खाल्लेली असते. कारण भिंतीतली ओल दर्जेतून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतून पडते, आणि लोणा लागून विटेचे पापुद्रे सुटतात. मराठवाड्यात एका गढीवर चांगल्या हेतूने सिमेंटने भरलेल्या दर्जा मी पाहिल्या आहेत. सहा पावसाळ्यांत विटा वाळूसारख्या झाल्या होत्या आणि सिमेंटची जाळी तेवढी मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी उभी होती. तेव्हापासून कुठल्याही वीटकामावर माझं बोट आधी दर्जेवर जातं.

दिवसाची आखणी अशी कर. सकाळच्या गाडीने जा, पण थेट आत शिरू नकोस. आधी खंदकाच्या काठाने पूर्ण फेरी मार, निदान तासभर. परकोटाचा उतार, गोल बुरूज, जंग्यांच्या पातळ्या वहीत काढ. मग पूल, दरवाजा, दोन तटांमधली पट्टी, जुन्या तटाचा तुकडा. बोगदे आणि मनोरा वेगळ्या मार्गदर्शित फेरीत दाखवतात, त्याची वेळ आधी विचारून ठेव. मनोरा शेवटी चढ, आणि वरून आधी गावाकडे बघ, मैदानाकडे नंतर.

दुपार कलल्यावर पुन्हा बाहेर ये. तिरपं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा परांचीच्या भोकांच्या सावल्या लांबतात, डागडुजीचा प्रत्येक तुकडा उठून दिसतो, आणि दुपारी एकसंध वाटलेली भिंत ठिगळांची गोधडी होते. फोटो तेव्हा काढ.

आणि परतीच्या गाडीआधी नदी ओलांडून मोठ्या चौकात नक्की जा. तिथे इसाबेलचा तो साधा वाडा आहे, आणि सान आंतोलिनच्या चर्चला चौकाच्या बाजूने एक उघडा सज्जा आहे. जत्रेच्या दिवसांत पाद्री त्या सज्जातून प्रार्थना म्हणत, म्हणजे व्यापाऱ्यांना आपलं दुकान सोडून उठावं लागत नसे.